गुणवंतांचा सत्कार

तुम्ही माह्यावर चिडू नका, मीच माह्यावर चिडून आहे. आणि ह्यांच्याबद्दल तर विचारूच नका.

सायली माही पोरगी. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाले, भोपाळच्या पलीकडं होस्टेलात. सौंसरच्या आमच्या गल्लीनं तिले डॉक्टरीण म्हणायले कधीच सुरुवात केली होती, व्हायची ती बाकीच होती. दिवाळीपासून तिचा आवाज मेल्यासारखा येऊन राहिला होता. एक दिवस म्हणे, "आई, मले घरी ने. सहा महिने सुट्टी घेते. डोकं चालूनच नाही राहिलं." मी म्हटलं, "जेवत नसशील धड." आणि डिंकाचे लाडू कुरियर केले. झालं माहं आईपण!

शेवटी ती न सांगताच आली. दारात उभी राहिली तर क्षणभर मी ओळखली नाही, खोटं नाही सांगत. दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडली होती. झोपली मात्र नाही.

तिसऱ्या दिवशी हे हसत घरी आले. हे म्हणजे मुकुंद मास्तर. आख्ख्या गावाची पोरं शिकवली, घरची पोर कळली नाही. म्हणे, "रविवारी पांढुर्ण्याले समाजाचा गुणवंत सत्कार आहे. अध्यक्ष यशवंतरावांचा फोन होता. सायली आलीच आहे, तर बारावीच्या पोरांपुढं दहा मिनिटं बोलू दे म्हणे. विषय आहे, अभ्यासाचा ताण कसा झेलावा."

सायली हसली. तसलं हसणं देव कोणत्या आईले न दाखवो. "बाबा, मलेच झेलता नाही येऊन राहिला."

"मग तेच सांग ना!" हे म्हणे, आणि शर्टाले इस्त्री करायले बसले.

आमच्या समाजात सत्काराची एक रीत आहे. बोलणारा श्वास घ्यायले थांबला की टाळी वाजवायची. काय बोलला ते ऐकायची गरज नाही. पहिल्या रांगेतून यशवंतराव सुरुवात करतात, मग सारा हॉल त्यांच्या मागं.

सायलीच्या अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला, पुढं माईक. ती म्हणे, "चार महिने झाले, मी धड झोपली नाही." थांबली. टाळ्या.

"पुस्तक उघडते. अक्षरं दिसतात, पण वाचता येत नाही." टाळ्या. यशवंतराव बसल्या जागेवरून ओरडले, "पाहा पोट्टेहो, याले म्हणतात मेहनत!"

"वॉर्डात एक बाबा माहा हात धरून मेले. मले काहीच वाटलं नाही. मग मले माहीच भीती वाटली." टाळ्या जराशा उशिरा आल्या, पण आल्या.

"मले परत जायचं नाही."

सूत्रसंचालकानं लगेच दुसरा माईक उचलला. "घरची एवढी ओढ, तरी कर्तव्यासाठी परत जाणाऱ्या आपल्या सायलीताई!" अरे बाप्पा, मग तर छत पडते का काय असं झालं. बारावीतली उर्वशी वही घेऊन पुढं आली. "दीदी, म्हणजे रोज किती तास झोपायचं?"

सायलीनं गर्दीत मले शोधलं. माह्याकडं पाहिलं. मले दिसलं ते, आणि तरी माहे हात थांबले नाहीत. आपल्या पोरीचं कौतुक होऊन राहिलं, याचा माज चढला होता मले.

सोमवारी ह्यांनी तिले पांढुर्ण्याहून गाडीत बसवलं. "आता सारा समाज पाहून राहिला. सुट्टी कशी घेशील?" मीही म्हटलं, "एवढं वर्ष काढ माय." ती "हो" म्हणे. भांडली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी तिच्या खोलीतल्या मानसीचा फोन आला. सायली ड्यूटीवरून निघाली, ती खोलीवर न येता होस्टेलच्या गच्चीवर गेली. मानसीले तिचं लक्षण बरं दिसलं नाही, म्हणून ती मागं गेली आणि कठड्यापाशी तिले कंबरेले धरून खाली बसली. सोडलंच नाही. परक्याच्या पोरीले जे कळलं ते मले कळलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा जिथं शिकत होती त्याच दवाखान्यात ती खाटेवर होती. हे व्हरांड्यात यशवंतरावांशी फोनवर बोलून राहिले होते, "नाही नाही, साधा ताप आहे." माह्या अंगाची आग झाली. फोन हिसकला मी. "ताप नाही, यशवंतराव! पोरगी जीव द्यायले निघाली होती. वाजवा आता टाळ्या!" हे भिंतीले टेकून मटकन खाली बसले. बसू दे म्हटलं.

आत गेली. सायलीनं डोळे उघडले. ओरडली असती तर चाललं असतं, पण ती फारच हळू बोलली.

"आई, तुले फोनवर सांगितलं. मग एवढ्या माणसांपुढं माईकवर सांगितलं. मले सांगता आलं नाही का नीट?"

"नीटच सांगितलं माय," मी म्हटलं. "मी टाळ्या वाजवून राहिली होती."