ईशान्येची गार खोली

मी एक जुनी फर्नेस आहे. मित्रांनो, फर्नेस म्हणजे घर उबदार ठेवणारी गॅसची भट्टी. कॅनडातल्या व्हिटबी गावी एका घराच्या बेसमेंटमध्ये माझी बावीस वर्षं गेली. पत्र्याचं अंग, पोटात निळी ज्योत, आणि नळ्यांतून खोल्याखोल्यांत ऊब धाडायचं काम. घराचे मालक नंदनराव होते तोवर दर तीन महिन्यांनी माझा फिल्टर बदलायचे, पाठ थोपटायचे. पाहुणे कोट काढता काढता म्हणायचे, "काय छान ऊब आहे हो." मी फुगून जायची.

नंदनराव गेले आणि माझ्याकडे कोणी फिरकेना. धुळीने दम लागायचा. वयही झालेलं, जाळलेल्या गॅसची बरीच ऊब धुराड्यातून आभाळाला दान करायची. पण खरी बोलणी खाल्ली ती त्यांच्या पत्नी उमाताईंच्या खोलीपायी. सगळं घर उबदार, ती एक खोली मात्र बर्फ. उमाताई स्वेटरवर स्वेटर चढवून झोपायच्या.

टोरांटोतल्या एटोबिकोहून त्यांची लेक कस्तुरी आली की एकच धोशा. "आई, हे घर विक. आमच्या कॉन्डो फ्लॅटमध्ये ये."

"आणि तिथे करू काय? लिफ्टमध्ये बसून राहू?" उमाताई म्हणायच्या. हे घर त्यांना सोडायचं नव्हतं. पण गुडघे थंडीने कुरकुरायचे, आणि लेकीचं म्हणणं खोडता येत नव्हतं.

शेवटी नवी हीटिंग सिस्टिम बघायचं ठरलं. हीटिंग कंपनीचा पहिला माणूस आला, मला बघून म्हणाला, माझ्या दीडपट मोठी भट्टी लागेल. कस्तुरीने सुस्कारा सोडला. "बघ, त्यापेक्षा घर विकलेलं बरं."

मग ब्रॅम्पटनहून दुसऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ नंदकुमार आला. त्याने आधी खिडक्यांच्या फटी बघितल्या, मग उमाताईंच्या खोलीत जाऊन दहा मिनिटं नुसता बसला.

"काकू, इथली जमिनीतली गरम हवेची जाळी कुठंय?"

उमाताईंनी देव्हाऱ्याकडे बोट केलं. "ती होय? देव ईशान्येलाच हवेत ना. पण तिच्या वाऱ्याने समई विझायची. म्हणून वर पाट ठेवलाय."

"कधीपासून?"

"वास्तुशांतीपासून."

कस्तुरी वाकून पाटाकडे बघत म्हणाली, "आई, बावीस वर्षं तू देवाला ऊब दिलीस आणि स्वतः कुडकुडलीस."

"देवाला कुठली? पाटाला," उमाताई म्हणाल्या, आणि तिघंही हसत सुटली.

देव हलले नाहीत. नंदकुमारने पाट काढून जाळीवर हवा बाजूला वळवणारं प्लास्टिकचं झाकण बसवलं, फटी बुजवल्या. आता मोठं यंत्र नकोच होतं. माझ्या जागी लहानसा हीट पंप आला. तो काही जाळत नाही. बाहेरच्या गार हवेतलीही ऊब वेचून आत आणतो. मला जमलं नसतं, हे मान्य करते.

आता मी गॅरेजमध्ये भंगारवाल्याची वाट बघते आहे. काल कस्तुरी इथे फोनवर सांगत होती, "नो, शी इज नॉट सेलिंग. उलट मीच शनिवारी राहायला येणारे, आईच्या खोलीत."

मित्रांनो, नवं यंत्र जरूर घ्या, ऊर्जा वाचवणारंच घ्या, त्याचे फिल्टर वेळेवर बदला. पण घरात कोणी गारठत असेल, तर आधी त्याच्याजवळ दहा मिनिटं बसा. मग खाली येऊन आम्हाला बोल लावा.