आखूड बांध्याची आगगाडी

मी एक जुनी आगगाडी आहे, पण माझ्या पोटात कधी कोळसा पडला नाही आणि रूळ म्हणाल तर एका फळीवर ठोकलेल्या दोन पत्र्याच्या पट्ट्या. माझं इंजिन वीतभर लांब आणि जवळपास तेवढंच उंच. हसलात ना? हसा खुशाल. मित्रांनो, मला पाहून हसला नाही असा माणूस विरळाच.

मला घडवणाऱ्या बाई एका थिएटरात कामाला होत्या. खेळ सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्चीपर्यंत पोचवायचं, हे त्यांचं काम. सगळे त्यांना बॅटरीवाल्या बाई म्हणत. डावीकडच्या दाराशी, पहिल्या रांगेच्याही पुढे, भिंतीला पाठ लावून त्या उभ्या असत. बसायची मुभा नव्हती.

एका वर्षी तिथे एक सिनेमा लागला. त्यात एक हिरवी आगगाडी होती. सिनेमा तेवीस आठवडे हलला नाही. बाईंची सात वर्षांची लेक रोज मागे लागायची, "आई, मला गाडी दाखव ना गं." पण कामावर मुलं आणायची नाहीत, असा मॅनेजरचा सक्त नियम. घरात दोघीच, तिला दुसरं कोण नेणार?

"तुला तिकडे नेता येत नाही ना," बाई एकदा म्हणाल्या, "मग गाडीलाच इकडे आणते."

तेव्हापासून माझा जन्म सुरू झाला. खेळ सुटला की बाई खुर्च्यांखाली झाडत. माणसं सिनेमा पाहायला येतात आणि काय काय सांडून जातात! सोड्याच्या बाटल्यांची झाकणं माझी चाकं झाली. कुणाच्या लिपस्टिकचं टोपण माझं धुराडं झालं. पेपरमिंटच्या दोन चपट्या डब्यांचे डबे झाले. तेही बाईंनी उभे केले, आडवे नाही. मोडक्या छत्रीच्या काड्यांतून चाकांचे आस निघाले. घंटा म्हणून लटकतंय ते एकुलतं एक कानातलं आहे. ते महिनाभर मॅनेजरच्या खणात मालकिणीची वाट पाहत होतं. ती आली नाही, तेव्हाच बाईंनी ते मागून घेतलं. रंग थिएटरच्या दारांना मारून उरलेला.

आणि माझं मुख्य अंग, म्हणजे इंजिनाची टाकी? ती बाईंची जुनी बॅटरी. तिचा खटका बिघडला होता. बाईंनी ती फळीवर ठेवली, डोळे मिटले, काहीतरी आठवलं आणि करवतीनं जवळजवळ निम्मी कापून टाकली.

"आई, एवढीशीच?" लेकीनं विचारलं.

"एवढीच आहे ती. आखूड आणि उंच. खरं सांगू? चाकंसुद्धा अंड्यासारखी लांबट दिसतात. पण लांबट चाक फिरणार कसं? म्हणून तेवढी माझ्या मनानं गोल केली."

मी फळीवर उभी राहिले तेव्हा लेकीनं टाळ्या पिटल्या. दोरी बांधून तिनं मला गल्लीभर मिरवलं. शेजारच्या शिंपीणबाईंनी सिनेमा पाहिला होता. त्या दारातूनच म्हणाल्या, "अगं बाई, ही गाडी जेवत नाही का नीट? नुसती उंच वाढलीय!"

"मी रोज तीनदा बघते हो," बाई ठसक्यात म्हणाल्या. "तुम्ही एकदा पाहून मला शिकवता?"

ते माझे सुखाचे दिवस होते. किती वेळा घसरले, किती वेळा आपटले, मोजदाद नाही.

मग लेक मोठी झाली. सोळा वर्षांची असताना तिनं मैत्रिणीकडे टीव्हीवर तो सिनेमा पाहिला आणि घरी येऊन म्हणाली, "आई, तुझी गाडी साफ चुकलीय. खरी केवढी लांब आहे! आपली गाडी आठवून सगळ्या मैत्रिणी हसत होत्या मला."

बाई भाजी चिरत होत्या. त्यांचा हात थांबला. "असेल बाई," त्या म्हणाल्या. "अंधारात दिसली तशी केली."

त्या दिवशी त्यांनी मला पुसलं आणि कपाटावर ठेवलं. तिथे मी अठ्ठावीस वर्षं होते. धूळ बसली, चाकं गंजली. दोघीही माझ्याविषयी बोलल्या नाहीत.

बाई गेल्या त्यानंतर महिन्याभरानं लेक खोली आवरायला आली. कपडे बांधून झाले, भांडी झाली. मग स्टुलावर चढून तिनं मला खाली घेतलं आणि बराच वेळ फुंकर मारून धूळ काढत राहिली. एका फुंकरीत निघणारी धूळ होती ती. पण ती फुंकतच राहिली.

त्याच सुमाराला थिएटर बंद होणार होतं. वाचनालयानं त्याच्या आठवणींचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. लेकीला मला तिथे ठेवायचं होतं. मात्र आहे तशी नाही. ती मला घेऊन शेजारच्या ड्रायव्हरकाकांकडे गेली. त्यांनी बेचाळीस वर्षं खरी आगगाडी चालवली होती.

"छे छे," काका मला फिरवत म्हणाले. "ही पहिल्याच वळणावर लोळण घेईल. टाकी कापू, पितळेची लांब नळी बसवू. झकास होईल."

"करा काका. आईला आता कुणी हसायला नको."

काकांनी माझ्या पोटावर खडूनं रेघ ओढली. मित्रांनो, करवत पाहून मला भीती वाटली. बाईंच्या मुठीनं गुळगुळीत केलेला तेवढाच पत्रा माझ्यात होता. पण बोलायला मला तोंड कुठे आहे?

"थांब," काका म्हणाले. "अंदाजानं कशाला कापायचं? शेवटच्या आठवड्यात तोच सिनेमा लावलाय. जाऊन बघू."

दुपारच्या खेळाला मला पिशवीत घालून दोघं निघाले. तिकिटं मिळाली, पण गर्दी अशी की खुर्ची नाही. दारवान म्हणाला, "उभं राहावं लागेल. तिकडे, डाव्या दाराशी."

दोघं भिंतीला टेकले. पडदा इतका तिरका की अर्धं चित्र घडी घातल्यासारखं. ताट समोर धरलं की गोल दिसतं, तिरकं धरलं की लांबट. तसंच पडद्यावरच्या माणसांचं झालं होतं: सगळी काटकुळी, उंच. आणि मग शिट्टी वाजली.

गाडी आली. आखूड, उंच, हिरवी.

"काका," लेक कुजबुजली, "चाकं बघा. अंड्यासारखी."

काकांनी मला पिशवीतून काढून पडद्याच्या उजेडात धरलं. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पडद्यावरच्या गाडीकडे. "अरेच्चा! ही तर तंतोतंत ती!"

"आई इथेच उभी राहायची."

"किती वर्षं?"

"एकोणीस. आणि मी तिला म्हटलं, तुझी चुकलीय." "कुठून बघतेस, हे एकदाही विचारलं नाही हो मी."

काका म्हणाले, "पोरी, मी आयुष्यभर गाडी चालवली, पण माझी गाडी धावताना बाहेरून कशी दिसते, ते मला कधी दिसलं नाही. ज्याला जिथे उभं केलं, तिथून त्याला दिसतं." त्यांनी अंगठ्यानं माझ्या पोटावरची रेघ पुसून टाकली.

"शुक्! खाली घ्या ते!" मागून कुणीतरी ओरडलं. दोघांनी सिनेमा शेवटपर्यंत उभ्यानं पाहिला. काकांचे गुडघे दुखत होते, तरी.

प्रदर्शनाच्या दिवशी ग्रंथपालबाई पुठ्ठ्याची पाटी घेऊन आल्या. "काय लिहू? टाकाऊ वस्तूंपासून केलेली आगगाडी?"

"नको," लेक म्हणाली आणि पेन स्वतःच घेतलं. तिनं लिहिलं: 'आगगाडी. डाव्या दारातून दिसते तशी.' खाली आईचं पूर्ण नाव लिहिलं. बॅटरीवाल्या बाईंना नाव होतं, हे पुष्कळांना तेव्हाच कळलं.

मुलं येतात, मला बघून खिदळतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. मित्रांनो, माझ्या चाकांना अधूनमधून तेलाचा एक थेंब द्या, तेवढं पुरतं. पण तुमच्या घरी कुणी हातानं काही केलं असेल आणि ते तुम्हाला वाकडं दिसत असेल, तर दुरुस्त करायची घाई करू नका. शेजारी जाऊन बसा. विचारा, 'तू हे कुठून पाहिलंस?' उत्तर देणारं माणूस घरात आहे तोवरच विचारा. मी सगळं जाणते, पण लेकीनं मला विचारलं असतं, तरी मला सांगता आलं नसतं.