स्मरणार्थ ऊन

उत्तमराव पाटलांना सावली दान करायचा नाद होता. नाद म्हणजे साधासुधा नव्हे, अगदी डोक्यात भिनलेला. धामणगाव बढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गाव. तिथे जिथे म्हणून माणूस घटकाभर टेकेल, तिथे त्यांनी लोखंडी खांब रोवून वर पत्रे ठोकले होते. एसटीच्या थांब्यावर, स्मशानात, शाळेच्या नळापाशी, गुरांच्या दवाखान्यासमोर. प्रत्येकाच्या कपाळावर एकच पाटी, ‘कै. शालिग्राम पाटील यांच्या स्मरणार्थ शेड’. शालिग्रामजी म्हणजे त्यांचे वडील. गावात नवी सून आली की सासऱ्याच्या आधी तिला या गेलेल्या माणसाचं नाव पाठ व्हायचं.

अशा माणसाच्या पोटी काजल जन्माला यावी आणि तिनं नेमका उन्हाचाच अभ्यास धरावा, याला काय म्हणावं. ती अमरावतीला पीएच.डी. करत होती, आणि तिचा प्रयोग चालला होता गावातच, डॉक्टर कुलदीपच्या दवाखान्यामागे.

या गावाला साध्या पडशालासुद्धा भारी गोळी लागते. हलकी दिली तर डॉक्टरच हलका ठरतो. पण गिळलेली गोळी काही सगळी अंगात राहत नाही. ती संडासातून, मोरीतून नाल्यात उतरते, आणि नाला जातो उत्तमरावांच्या विहिरीला घसटून. काजलनं विहिरीचं पाणी तपासून आणलं तेव्हा कुलदीप डॉक्टर देतात तीच गोळी त्यात विरघळलेली निघाली. मग तिनं विद्यापीठाच्या मागे लागून नाल्याच्या तोंडाशी सिमेंटचं एक उथळ कुंड बांधून घेतलं. तळाला फरश्या, फरश्यांवर पांढरा लेप, आणि लेपात डोळ्याला न दिसणारे नॅनो कण. ऊन पडलं की हे कण जागे होतात आणि पाण्यातल्या औषधाचे तुकडे तुकडे करतात. ऊन नसलं की नुसते पडून राहतात, ग्रामपंचायतीच्या शिपायासारखे.

अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की विद्यापीठाची माणसं येऊन कुंडातून बाहेर पडणारं पाणी तपासायला नेणार होती. त्यात औषध नाही सापडलं तर कुंड कायमचं गावाचं. सापडलं तर फरश्या उचलून दुसऱ्या जिल्ह्यात, आणि विहीर आहे तशीच. काजलनं हे बापाला चार वेळा समजावलं. बाप चारही वेळा हो म्हणाला. पण उत्तमरावांना कुंड दिसतच नव्हतं. त्यांना कुंडावरचं मोकळं आभाळ दिसत होतं.

काजल कामासाठी अमरावतीला गेली आणि उत्तमरावांनी जीवन वेल्डरला बोलावलं. ती परत आली तोवर कुंडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्रे चढले होते, निळा रंग लागला होता आणि आजोबांची पाटी झळकत होती.

“बाबा, हे काय करून ठेवलं?” काजल म्हणाली.

“तुह्यासाठीच केलं बाई. पोरगी उन्हात करपून राह्यली, अन् बापानं पाह्यत बसावं का?”

“मले नाही, कुंडाले ऊन पाह्यजे. काढा ते पत्रे.”

“काढा कसे? बापाच्या नावाचं छपर चढवून उतरवू? लोक शेण घालतील तोंडात. अन् अखजीले माजी आमदार येऊन राह्यले उद्घाटनाले. फ्लेक्स छापून झाले.”

फ्लेक्स छापून झाले म्हणजे विषयच संपला. आपल्याकडे लग्न मोडतं, पण छापलेला फ्लेक्स मोडत नाही.

मात्र उत्तमराव लेकीवर जीव टाकणारे होते, त्यामुळे त्यांनी वाटही काढली. उजेडच पाहिजे ना, मग उजेड देऊ. दुसऱ्या दिवशी जीवनकडून पत्र्यांखाली ओळीनं बल्ब लावून घेतले. बाहेर चैत्राचं ऊन असं की उघड्यावर ठेवलेला पापड उलटायची गरज पडू नये, आणि ते ऊन पत्र्यानं अडवून आत भरदुपारी बल्ब पेटवलेले. तुळशीराम हा गावातला दुसरा दाता. तो आईच्या नावानं सिमेंटचे बाक देतो, पण ते ठेवायला त्याला उत्तमरावांचंच शेड लागतं, हे त्याचं जुनं दुखणं. तो मुद्दाम बघायला आला.

“उत्तमराव, दिवसा लाइट काऊन लावले हो?”

“विज्ञान आहे ते,” उत्तमराव म्हणाले.

विज्ञान अर्ध्या तासात गेलं, कारण लाइट गेली. आणि लाइट असती तरी उपयोग नव्हता. त्या कणांना उन्हातली धार लागते, ती या बल्बात नाही, हे काजलनं सांगितलं ते रागावूनच. तिनं कुंडात शिरणारं पाणी तपासलं आणि बाहेर पडणारं तपासलं. दोन्ही सख्ख्या बहिणी. त्यानंतर तिनं बापाशी बोलणं सोडलं.

अखजीचा दिवस उजाडला. या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरायची असते. नवी मातीची घागर, तीत पाणी, वर खरबूज, आणि मग आमरसाचा घास. उन्हातान्हात आपले पूर्वज तहानलेले राहू नयेत म्हणून. उत्तमरावांनी सोवळं नेसून घागर पुढे ओढली. त्यांच्या बायकोनं, आशाबाईंनी, कोपऱ्यातला प्लास्टिकचा जार कलंडवून तीत पाणी ओतायला घेतलं.

“हे काय? जारचं पाणी? आपली विहीर आटली का?”

“विहिरीचं आपण तरी पितो का आता?” आशाबाई म्हणाल्या. “पोरीनं सांगितलं तवापासून बंद आहे. तुम्हीच तर जार लावला.”

“आपलं सोडा. बाबांनी ती विहीर स्वतः खणली. त्याईले विहिरीचंच लागते.” आणि ते कळशी घेऊन उठले.

काजल दारात उभी होती. इतक्या दिवसांनी ती बोलली, तेही हळूच.

“आजोबांनी सगळ्या जन्मात एक गोळी गिळली नाही. तापानं फणफणले तरी सुंठीचा काढा. तुम्हीच सांगता न? आता मेल्यावर त्याईले घागरभर पाजून राह्यले.”

उत्तमरावांचे पाय तिथेच थांबले. म्हातारा अखेरच्या दुखण्यात होता तेव्हाची गोष्ट त्यांना आठवली. डॉक्टरनं जिभेवर ठेवलेली गोळी त्यानं थुंकून दिली होती, आणि विहिरीचं पाणी आण म्हणाला होता. त्यांना लाज वाटली. लोकांत वाटते ती नव्हे, घरात एकट्याला वाटते ती. कळशी खाली ठेवून ते सोवळ्यावरच बाहेर पडले.

“जीवन,” त्यांनी रस्त्यातून हाक दिली, “पाना घेऊन चाल बे. पत्रे उतरवायचे आहेत.”

माजी आमदारांची गाडी आली तेव्हा शेवटचा पत्रा खाली येत होता. वर नुसते खांब आणि पाइप, आणि पाटी. पण फीत बांधलेली होती. फीत दिसल्यावर ती न कापणं माजी आमदारांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी ती कापली, घाम पुसला आणि रणरणत्या उन्हात उभं राहून छापील भाषण वाचलं. या शीतल छायेत पुढच्या पिढ्या विसावतील, असं त्यात होतं. लोकांनी डोक्यावर दुपट्टे ओढून टाळ्या वाजवल्या.

भाषण संपताच तुळशीराम जवळ आला. “सांगाडा तयारच आहे, उत्तमराव. पत्रे मी टाकतो, आमच्या मायच्या नावानं.”

“हात लावून पाह्य,” उत्तमराव म्हणाले. त्या दिवसापासून कुंडाशेजारी त्यांची खुर्ची पडली. गावभर सावली वाटलेला माणूस भर उन्हात बसून ऊन राखू लागला. लोक फिदीफिदी हसत, तेही त्यांच्याच थांब्याच्या शेडमध्ये बसून.

विद्यापीठाची माणसं आली, पाणी घेऊन गेली. निकाल आला. बाहेर पडणाऱ्या पाण्यात औषध नावापुरतंही उरलं नव्हतं. काजल बापाच्या गळ्यात पडून रडली, आणि आशाबाईंनी पुन्हा आमरस केला.

दुसऱ्या सकाळी उत्तमरावांनी पेंटरला शिडीवर चढवलं. पाटीवरचा ‘शेड’ खरवडून तिथे ‘ऊन’ लिहून घेतलं. मग दोन पावलं मागे सरून त्यांनी ते वाचलं, आणि त्यांची छाती फुलली. आजवर पंचक्रोशीत कोणी ऊन दान केलं नव्हतं.

“याचं उद्घाटन पाह्यजे,” ते म्हणाले आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला. “आमदार साहेबाले सांगतो. फ्लेक्स असा मोठा लावू, या खांबापासून त्या खांबापर्यंत.”

“बाबा,” काजल म्हणाली, “फ्लेक्स नका लावू. त्याची सावली पडते.”