चपलांची जागा

“आधी सगळं बाहेर काढ,” सिस्टर म्हणाल्या.

मुलाने नुकतीच बॅगेवर गुडघा टेकवून चेन लावली होती. “आई, आत्ता कुठे बसलंय सगळं! टॅक्सी येईल.”

“येऊ दे. माझ्या चपला कुठे घातल्यास?”

“तळाला. जड सामान खालीच घालतात.”

सिस्टरांनी सरळ चेन उघडली. उभा जन्म वॉर्डात काढल्यामुळे निवृत्तीनंतरही सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. मुलगा परदेशात मोठा साहेब झाला होता, पण त्याच्याशी त्या अजून इंजेक्शन देतानाच्या सुरात बोलत: हलायचं नाही. आता त्याच्याकडे तीन महिने राहून परत यायचं ठरलं होतं. निदान त्यांच्या बाजूने तरी ठरलं होतं.

स्वेटर निघाले, औषधं निघाली, चपलाही निघाल्या. त्यांच्या शेजारी टॉवेलात गुंडाळलेला नवऱ्याचा फोटो होता. सिस्टरांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे नुसता खिळा उरला होता.

“तीन महिन्यांसाठी बाबांना कशाला नेतोयस?”

मुलगा खिडकीशी गेला. “मी घरमालकांना सांगितलंय. घर सोडतोय म्हणून.”

सिस्टरांच्या मस्तकात तिडीक गेली. “मला न विचारता?”

“विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस? इथून फोन आला की उचलायच्या आधीच मी तिकिटं बघायला लागतो गं. तू एकटी असताना पडलीस-बिडलीस तर मला कळवणार कोण?”

राग गेला नाही, पण लेकाची दयाही आली. त्या पलंगावर टेकल्या.

“बस इथे. वॉर्डात पेशंटची पिशवी आम्ही भरायचो. घरी जाणाऱ्याच्या चपला सगळ्यात वर, खाटेवरून उतरला की पायात घालायला. जो गेला, त्याच्या मात्र अगदी तळाला. घरच्यांनी पिशवी उघडल्या उघडल्या त्याच दिसू नयेत म्हणून. कुणी शिकवलं नव्हतं, पण सगळ्याजणी तसंच करायचो.”

मुलाचा चेहरा पांढरा पडला. “आई, मला काय माहीत...”

“कसं माहीत असणार? अरे, येतेय मी. नातीचे लाड करेन, सुनेच्या हातचं आयतं खाईन. पुढेमागे हातपाय थकले तर मीच सांगेन, ने म्हणून. पण आज मी घर सोडत नाहीये. लाव फोन.”

त्याने फोन लावला. “काका, ते घराचं राहू द्या. नाही, नाही. आई परत येणार आहे.” एवढं बोलला आणि त्याला रडू फुटलं. सिस्टरांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी बॅग नव्याने भरली, चपला वर ठेवल्या आणि फोटो घेऊन भिंतीशी स्टूल ओढलं.

“दे, मी लावतो,” मुलगा डोळे पुसत धावला.

“तू फक्त स्टूल धर,” म्हणत त्या वर चढल्या. त्याने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.