गॉडीच्या पिस्तुलीची खाच

या मंडळी, अशी जवळ सरका, पाय आखडून बसा. आज गोष्ट सांगतो ती एका पिस्तुलीची. पण भिऊ नका, हिच्यात कुणी कुणाचा जीव घेत नाही. देवानं माणसाला हात दिले आणि त्या हाताला शोभेलसं पोलाद घडवायची बुद्धीही दिली. त्या बुद्धीची आणि एका अर्ध्या बोटाची ही गोष्ट आहे.

स्वित्झर्लंडच्या एंटलेबुख खोऱ्यात व्रेनी झेम्प राहते. नवरा गॉटफ्रीड लाकूड कापायच्या गिरणीवर होता. तिकडं माणसाला आडनावापेक्षा धंद्यावरून हाक मारायची रीत, म्हणून सगळं खोरं त्याला सागी-गॉडी म्हणे, म्हणजे गिरणीवाला गॉडी. ऐन थंडीत तो गेला. मागं राहिली ती कपाटात, इस्त्री केलेल्या टेबलक्लॉथखाली, जाड लोकरी कापडात गुंडाळलेली त्याची पलटणीतली पिस्तूल. तिथं गड्यांना काही काळ पलटणीत चाकरी करावी लागते, आणि ती संपली की शिपायानं आपली पिस्तूल घरी न्यावी, ही तिथली जुनी चाल.

मुलगा बेआट झुरिकला शाळामास्तर. तो म्हणाला, आई, माझी पोरं सुट्टीला येतात, कपाटांवर चढतात, ही पोलिसांकडं देऊन टाक. पोलीस अशी हत्यारं वितळवतात, हे व्रेनीला ठाऊक होतं. मुलाचं भय खोटं नव्हतं, म्हणून तिनं मान डोलावली. फक्त एवढंच मागितलं, की मेअखेरचा नेमबाजीचा मेळा होऊ दे. त्या मेळ्यात गावातलं कुणीही, जन्मात चाप न ओढलेलंसुद्धा, येऊन नेम धरू शकतं. गॉडीचा तो सणच होता. एकदा त्याच्या पिस्तुलीनं आपण नेम धरायचा, मग ती जाईना का, असं तिनं मनाशी ठरवलं.

खरं तर ती पिस्तूल जाऊ नये, असंच तिला आतून वाटत होतं. पण नुसती कपाटात पडून राहायची, तर ठेवायची तरी कशासाठी?

मेळ्याच्या रविवारी चर्चमधली प्रार्थना संपेपर्यंत मैदानावर गोळी उडत नाही. देवाचं आधी, मग नेमाचं. प्रार्थना आटोपून व्रेनी आणि बेआट नेमबाजांच्या क्लबाच्या लाकडी घरात शिरले, तेव्हा म्हातारे लांब टेबलाभोवती दारू घातलेली पातळ कॉफी पीत बसले होते. समोर पिस्तुली मांडलेल्या, सगळ्या रिकाम्या, आत गोळी नाही हे दिसावं म्हणून उघडून ठेवलेल्या. टोनी फेल्डरपाशी वडिलांची पॅराबेलम पिस्तूल होती, बगळ्यासारख्या लांब मानेची. महायुद्धात वडील ती कमरेला लावून सरहद्दीच्या खिंडीत बर्फात उभे राहिले आणि शत्रू न आल्याबद्दल जन्मभर देवाचे आभार मानत राहिले. टोनी ती हातात घेई तो देवघरातली समई उचलावी तशी. पोस्टमनच्या नातवाकडं आजोबांचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं. त्याची मूठ आजोबांच्या तळव्यानं इतकी गुळगुळीत झाली होती, की नातू म्हणे, हिला हात लावला की म्हाताऱ्याशी हस्तांदोलन होतं.

व्रेनीनं कापड सोडलं आणि सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. जाडजूड, काळसर, कुठं ओरखडा नाही. वरचा भाग मागं ओढला तर तेलावरून तेल सरकावं असा सरकला. टोनी म्हणाला, असं काम करणारे हात आता कुठं राहिले, आणि मग गॉडीचा विषय निघाला. करवतीत त्याच्या तर्जनीचं पेर गेलं त्या वर्षी त्याची प्रत्येक गोळी डावीकडं जाऊ लागली. मित्र म्हणाले, बाबा, आता तू कॉफीच पाज. तो हसला. चाप दाबायला उरलेल्या थोट्या बोटावरच अडून राहिला आणि पुढच्याच मेळ्यात छातीवर, चांगल्या गुणांना मिळतो तो, पानांच्या कड्याचा बिल्ला लावून घरी आला. व्रेनीला तो दिवस आठवला. स्वयंपाकघरात येऊन त्यानं बिल्ला तिच्याच ॲप्रनला टोचला होता.

तिची पाळी आली. कास्पर श्टाडेलमान हा मैदानाचा मुख्य, गॉडीचा बालमित्र. त्यानं तिला उभं कसं राहायचं, श्वास कुठं धरायचा ते दाखवलं. व्रेनीनं सरावाच्या गोळ्या झाडल्या. सगळ्या उजवीकडं, निशाणाच्या पांढऱ्या कडेवर, शेजारी-शेजारी, जणू ठरवून गेलेल्या.

मागून बेआट हळूच म्हणाला, "आई, राहू दे. हात थरथरतोय तुझा."

"हात थरथरला असता तर गोळ्या कोंबड्यांसारख्या पांगल्या असत्या," कास्पर म्हणाला. "ह्या तर एकाच खुराड्यात शिरल्यात. चूक हिची नाही रे मास्तर, गॉडीची आहे."

रिकामी पिस्तूल टेबलावर ठेवून त्यानं, नेम धरताना जिच्यातून पाहतात ती मागची खाच दाखवली. ती मधोमध नव्हती, उजवीकडं सरकलेली होती. थोट्या बोटानं चाप दाबताना गॉडीची गोळी डावीकडं जायची, तेवढीच खाच त्यानं कारागिराकडून उजवीकडं सरकवून घेतली होती. हे त्यानं कास्परशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. साबूत बोटाच्या माणसाला ही पिस्तूल उजवीकडंच मारणार.

कास्परनं पितळेची छिन्नी आणि हातोडी काढली. दोन ठोके, म्हणाला, की ती तुझी होईल.

व्रेनीनं त्याचा हात धरला. त्या एवढ्याशा वाकडेपणात गॉडीचं तुटलेलं बोट होतं, त्याची जिद्द होती, न सांगितलेली लाजही होती. ते ठोकून सरळ करायचं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पुरायचं. ती म्हणाली, असू दे तशीच, मी घरी घेऊन जाते.

"ने की," कास्पर म्हणाला. "कपाटात ठेव, फुलं वाहा. पण व्रेनी, गॉडीनं हिला कधी पुजलं नाही गं. हाताला जुळेना तशी त्यानं हिला जुळवून घेतली. तो आज इथं असता तर तुझ्यासाठी हातोडी त्यानंच मारली असती, आणि वर तुलाच चिडवलं असतं."

व्रेनी त्या खाचेवर वाकली.  मग तिनं विचारलं, हलवण्याआधी ती आत्ता जिथं आहे तिथं पोलादावर खूण करता येईल का. कास्परनं टोकदार सुई घेतली, श्वास रोखला आणि केसासारखी बारीक रेघ ओढली. मग दोन ठोके मारले. खाच मधोमध आली. रेघ बाजूला उघडी पडली.

त्यानंतरच्या गोळ्या निशाणाच्या मधल्या काळ्या वर्तुळात गेल्या. साऱ्या नाहीत, पण पुष्कळ. बिल्ल्याला थोडे गुण कमी पडले, तशी टोनीनं व्रेनीला चिडवलं, की गॉडीलाही पहिल्या वर्षी मिळाला नव्हता, उगीच घाई करू नकोस. व्रेनी हसली. नवरा गेल्यापासून ती इतकी मोकळी हसलेली कुणी पाहिली नव्हती.

बेआट पुढं आला. त्यानं पिस्तूल उचलली नाही, आधी त्या रेघेवरून अंगठा फिरवला. बापाच्या बोटाबद्दल तो लहानपणापासून ऐकत आला होता. पण त्या बोटाला सांभाळून घ्यायला बापानं काय केलं, हे त्याला आज कळलं. त्यानं कास्परला विचारलं, नवशिक्यांची रांग बंद झाली का.

"तुझी बोटं आईवर गेलीत," कास्पर म्हणाला. "हो उभा. आता काही हलवायला नको."

ती पिस्तूल वितळली नाही. क्लबाच्या लोखंडी कपाटात कुलपात असते. पोरांचं भयही नाही आणि दर मेअखेरीस मायलेक तिथं जातात.

नोव्हेंबरात त्या खोऱ्यातल्या चर्चमध्ये मेलेल्या नेमबाजांची नावं एकेक करून मोठ्यानं वाचतात, घंटा वाजते आणि लोक माना खाली घालतात. आपण इथं लांब आहोत, ती घंटा काही आपल्याला ऐकू यायची नाही. तरी मंडळी, हात जोडायला बसाल तेव्हा सागी-गॉडीचं नाव एकदा मनात घ्या. गॉटफ्रीड झेम्प, अर्ध्या बोटाचा. त्याची आठवण ठेवा.