मालकांनी सांगितलं

चैत्राच्या उन्हात, डोक्यावर छप्पर नसलेल्या खोलीत पोळ्या लाटणं म्हणजे काय असतं, हे ज्याला बघायचं असेल त्याने सत्याऐंशी साली विठ्ठलवाडीच्या त्या चाळीत कुंदाकडे यायला हवं होतं. हातात लाटणं, आणि मान वाकडी करून खांद्यावर धरलेली छत्री. एकदा तर कावळ्याने परातीतली पोळी उचलून नेली. शेजारची बनूबाई हसली, पण कुंदाचा चेहरा बघून लगेच गप्प झाली.

कौलं उतरवल्याला आठवडा होऊन गेला होता. दरवर्षी चैत्रात चाळीची शाकारणी व्हायची. चामटोलीहून सदू यायचा, फुटकी कौलं बदलायचा, सरकलेली नीट बसवायचा आणि दिवस मावळायच्या आत खोली होती तशी करून द्यायचा. यंदा मात्र दिनानाथने वेगळंच काढलं. दिनानाथ म्हणजे चाळीचा मालक. सगळी चाळ त्याला मालकच म्हणायची. "कौलांखालच्या लाकडी रिपा कुजल्यात, सगळी कौलं उतरवूनच काम करू, आणि सुरुवात कुंदाच्या शेवटच्या खोलीपासून," असं त्याने सांगितलं. सदूने कौलं उतरवून अंगणात भिंतीशी रचली, नव्या रिपा ठोकल्या, दोन दिवसांत येतो म्हणून गेला, तो गेलाच.

दिनानाथच्या पोटात काय होतं ते चाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चाळ पाडायची आणि तिथे चार मजले उठवायचे. तीन बिऱ्हाडं त्याने गोड बोलून काढली होती. बिऱ्हाड बाहेर पडलं रे पडलं की दाराला दिनानाथचं कुलूप लागायचं, मग कितीही रडा. कुंदा हलत नव्हती. का हलेल? ती याच खोलीत जन्मली होती. तिचे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. ते वारल्यावर भाड्याची पावती तिच्या नावाने झाली, आणि लग्नानंतर श्यामकांत, तिचा नवरा, तिच्याकडे राहायला आला. उल्हासनगरला त्याच्या भावाच्या, मधूच्या, घरात उभं राहायला जागा नव्हती म्हणून आला, हेही सांगून टाकलेलं बरं.

श्यामकांत अंबरनाथला कारखान्याच्या ऑफिसात कारकून होता. कुणाला दुखवायचं नाही, कुणाला नाही म्हणायचं नाही, असा त्याचा स्वभाव. लोक अशा माणसाला फार चांगला म्हणतात. कौलं उतरल्यापासून त्याला हवामानाचं वेड लागलं होतं. सकाळी बातम्या लागल्या की तो दाढीचा ब्रश तसाच धरून रेडिओपाशी उकिडवा बसायचा. शेवटी हवामान आलं की आवाज वाढवायचा. कुंदाला वाटायचं, बिचारे किती काळजी करतात. तिने एकदा ताडपत्री आणा म्हटलं, तर म्हणाला, "अगं, कशाला? सदू काय, आज-उद्या येईलच."

त्या शनिवारी रेडिओवरच्या बाईंनी सांगितलं की कोकणात तापमान आणखी वाढेल आणि उत्तर कोकणात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह वादळी पाऊस पडण्याची शक्यता आहे.

"ऐकलंस?" श्यामकांत म्हणाला. "आज नक्की येणार. कुंदा, आपण मधूकडे जाऊ. नुसती एक रात्र."

"तुरळक ठिकाणी म्हणाल्यात त्या."

"तुरळक म्हणजे कुठेही. आपल्यावरच पडला तर?"

"पडू दे. एक रात्र गेले की सकाळी काकांचं कुलूप. मी भिजेन, पण इथेच भिजेन." दिनानाथला ती परकऱ्या वयापासून काका म्हणत आली होती, म्हणून तर जास्त चीड यायची.

श्यामकांतने सुस्कारा सोडला आणि डबा घेऊन निघून गेला. शनिवार, अर्धा दिवस, दुपारी परत येणार होता.

नळावर बनूबाईने हंडा लावता लावता सांगितलं, "कुंदा, तुला म्हणून सांगते. मंगळवारी सदू आला होता गं. स्टेशनाजवळून परत जाताना मला भेटला. म्हटलं, काय रे, काम न करता कुठे चाललास? तर म्हणाला, मालकांनी सांगितलं, येऊ नको."

कुंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हंडा तसाच नळाखाली सोडून ती ओल्या पदराने तडक दिनानाथच्या घरी गेली. त्याचं घर चाळीच्या समोरच, स्लॅबचं, वर पंखा गरगरतोय. तो आरामात चहा बशीत ओतून पीत होता.

"काका, सदूला परत का पाठवलंत?"

"मी?" त्याने बशी खाली ठेवली. "अगं कुंदा, मी कशाला पाठवू? मला तर तो दिसलासुद्धा नाही. कौलं आहेत, माणूस आहे, बसवून घ्या की."

"खोटं बोलू नका. लहानपणापासून बघतेय तुम्हाला. माणसं घरात असताना डोक्यावरचं छप्पर काढता आणि पावसाची वाट बघत बसता? तुमच्या आईला असं उघड्यावर बसवलं असतंत?"

"आईपर्यंत जाऊ नकोस," तो जरा दुखावल्यासारखा म्हणाला. "देवाशपथ सांगतो, मी सदूला काही बोललो नाही."

"देवाला तरी सोडा!" असं ओरडून तिने दार असं आपटलं की आतून त्याची बायको धावत आली. ढोंगी मेला, असं पुटपुटत ती जी निघाली ती थेट विठ्ठलवाडी स्टेशनात. बदलापूरला उतरली, टांगा मिळाला तिथवर गेली, पुढे चामटोलीपर्यंत पायी. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. वाटभर ती मनातल्या मनात दिनानाथशी भांडत होती. एकेक वाक्य घासून पुसून तयार करत होती.

सदू पडवीत खाटेवर पडला होता. तिला बघून दचकून उठला. त्याची आई कौसाबाई पाणी घेऊन आली. कुंदाने तांब्या हातात घेतला, पण प्यायली नाही.

"सदू, लाज नाही वाटत? आठवडा झाला, उघड्यावर आहोत."

"ताई, मी आलतू ना," सदू म्हणाला. "मंगलवारी आलतू. पन मालकांनीच सांगला, येव नको म्हनून. मी काय करू?"

"त्या दिनानाथचं ऐकलंस तू? शाकारणी तर त्यानेच काढली, आणि अर्ध्यावर त्यानेच थांबवली? तुला कळत नाही तो काय करतोय ते?"

सदू गोंधळला. त्याने आईकडे बघितलं, मग परत कुंदाकडे.

"दिनानाथशेट कुठं? शेट नाय भेटलं मला. मालक म्हंजे तुमचं मालक. श्यामकांतभाऊ. टेशनाभाईर भेटलं. म्हनलं, सदू, आता कौलं बसवू नको, आमी खोली सोडताव. घरात बोलू नको म्हनलं, तुमाला वाईट वाटंल म्हनून."

कुंदाला आधी ऐकूच आलं नाही. आलं तरी कळलं नाही. तुमचं मालक. गावाकडे नवऱ्याला मालक म्हणतात हे काय तिला माहीत नव्हतं? पण तिच्या डोक्यात मालक एकच होता, स्लॅबच्या घरात बशीने चहा पिणारा. देवाशपथ सांगणारा. म्हणजे आज सकाळपासून खरं बोललेला माणूस दिनानाथ एकटाच निघाला. तिने तांब्या तसाच खाली ठेवला.

मग एकेक आठवायला लागलं. दाढीचा ब्रश. वाढवलेला आवाज. ताडपत्री कशाला, आज-उद्या येईलच. रोज सकाळी तो माणूस काळजीने नाही, आशेने कान देत होता. पाऊस कधी पडतोय आणि बायको कधी भिजून, रडून, चला म्हणतेय, याची वाट बघत होता. आणि ती त्याला बिचारे म्हणत होती.

"चल," ती म्हणाली.

"आता? ताई, आभाळ बघा. आनि मालकांना विचारल्याबिगर..."

"कुठल्या मालकांना?" ती एवढ्या जोरात ओरडली की पडवीतल्या कोंबड्या उधळल्या. "खोली कुणाच्या नावावर आहे? माझ्या. त्या खोलीपुरती मालक मी. मी सांगतेय, चल."

कौसाबाईने मुलाच्या हातात पंचा दिला. "जा रं," एवढंच म्हणाली.

ती दोघं चाळीत पोहोचली तेव्हा बदलापूरच्या डोंगराकडून आभाळ काळंनिळं होत वर चढत होतं. वारा पडला होता. अंगाला घामाच्या धारा. चाळीच्या तोंडाशी एक टेंपो उभा होता आणि खोलीच्या दारात श्यामकांत ट्रंकेला दोरी बांधत होता. घाईघाईत बांधत होता, म्हणून गाठ बसत नव्हती.

"आलीस? कुठे होतीस? हे बघ, मी सामान..." मागे सदू दिसला आणि त्याचं वाक्य तिथेच राहिलं.

"सदू, चढ वर," कुंदा म्हणाली. "मी खालून कौलं देते."

तिला वाटलं होतं श्यामकांत काहीतरी बोलेल, निदान खोटं तरी बोलेल. तो नुसता दोरीचं टोक धरून उभा राहिला. सदू शिडी लावून वर गेला आणि कुंदा अंगणातून एकेक कौल उचलून देऊ लागली. कौलं इतकी तापली होती की तळहात भाजत होते. भाजू देत, असं तिला वाटत होतं. बनूबाईने पदर खोचला आणि काही न विचारता रांगेत उभी राहिली.

चुलीच्या बाजूचं अर्धं छप्पर बसलं असेल नसेल, तोच समोरून दिनानाथ आला.

"हे काय चाललंय? श्यामकांतराव, आपलं ठरलंय ना? बदलापूरला, कात्रपमध्ये ब्लॉक देतोय तुम्हाला, माझ्या मेव्हण्याच्या बिल्डिंगमध्ये."

"बांधलीय का ती बिल्डिंग?" कुंदाने विचारलं.

"होईल की. बोर्ड लागलाय."

"बोर्ड!" ती हसली. ते हसू ऐकून वर सदूचा हात थांबला. "म्हणजे आम्ही पावसाळाभर त्या बोर्डाखाली राहायचं. काका, तुमच्याशी मी सकाळी भांडले ते चुकीचं भांडले, तेवढं परत घेते. सदूला तुम्ही नाही परत पाठवलंत. पण खोली माझी, हे तुम्हाला पावती फाडताना दर महिन्याला दिसतं. मला का नाही विचारलंत?"

"अगं, घरातल्या पुरुषमाणसाशी बोललो मी. शब्द दिलाय त्यांनी."

"ज्यांनी शब्द दिला त्यांना घेऊन जा. ट्रंक भरलेली आहे, टेंपो उभा आहे. मी कुणाला काही दिलेलं नाही."

चाळीतली सगळी दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात कुणी ना कुणी उभं होतं. दिनानाथने एकदा त्या दारांकडे बघितलं. तेवढ्यात वारा असा उठला की अंगणातली धूळ त्याच्या उघड्या तोंडात गेली. लगोलग वीज कडाडली, थेंब सुटले, एकेक बोराएवढा. दिनानाथ धोतर सावरत घराकडे पळाला. टेंपोवालाही निघून गेला.

विजेत वर थांबणं शक्य नव्हतं. सदू उतरून बनूबाईच्या दारात गेला. कुंदा खोलीत शिरली, अर्ध्या छपराखाली, चुलीशी. श्यामकांत ट्रंक ओढत मागोमाग आला, कारण दुसरीकडे जायला त्याला तोंड नव्हतं. दोघं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. समोर, हातभर अंतरावर, त्यांच्याच घरात पाऊस कोसळत होता. वडिलांची लाकडी खुर्ची भिजली, कोपऱ्यातली गादी फुगली, भिंतीवरचा चुना ओघळायला लागला. कुंदा नुसती बघत होती.

"तुझ्याच भल्यासाठी केलं गं," श्यामकांत शेवटी म्हणाला. पावसाच्या आवाजात त्याला ओरडावं लागत होतं, आणि ओरडायची त्याला सवय नव्हती. "दोन खोल्या. स्वतःचा नळ. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो. नाही म्हणाले असते."

"म्हणूनच..."

"म्हणून मला भिजवायला निघालात? रोज रेडिओ लावून? मी भिजले, थंडीने कुडकुडले की मग मी तुमचं ऐकणार. असंच ना? सांगा की."

तो ट्रंक ओढून कोरड्यात घ्यायला लागला. ट्रंकेखालून पाणी वाहत होतं. तो फार चांगला माणूस होता, चाळीत कुणालाही विचारा.

वळीवच तो, आला तसा गेला. पन्हळीतून पाणी गळत होतं आणि बाहेर एकदम स्वच्छ पिवळं ऊन पडलं. सदू पंच्याने डोकं पुसत परत शिडीवर चढला. अर्धं छप्पर अजून राहिलं होतं. कुंदा अंगणात गेली. तिच्या आधी श्यामकांत तिथे पोहोचला होता. ओला शर्ट अंगाला चिकटलेला, हातात एक कौल धरून.

"कुंदा, तू फार रागावलीयस ना?"

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. दिनानाथचा राग सोपा होता. शिव्या दिल्या, दार आपटलं, घरी येऊन पाणी प्यालं की झालं. हा राग दहा बाय बाराच्या खोलीत रोज तिच्या शेजारी जेवायला बसणार होता, तिच्याच हातची पोळी मागणार होता.

"बोलू नका," ती म्हणाली आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर चढून हात पुढे केला. "कौल द्या."