तर्रीचा कोपरा

आमच्या घरात रागावण्याचा हक्क फक्त सासूबाईंना आहे. माझा नवरा भूपेश सणावारी तो थोडाफार वापरतो. मी रागावले की मात्र सगळे म्हणतात, सरिताचं डोकं दुखत असेल. म्हणून आधीच सांगते, माझं डोकं अजिबात दुखत नाही. मी रागावलेली आहे आणि हा राग लवकर उतरायचा नाही.

गोष्ट कुत्र्याच्या मुताची आहे. ज्यांना हा शब्द वाचवत नाही त्यांनी आमच्याकडे पोछा मारायला यावं.

मी घरीच साड्यांना फॉल-पिको करून देते. आषाढात फॉलचं कापड आणायला बर्डीच्या बाजारात गेले, तर एका हातगाडीखाली पिल्लू बसलेलं दिसलं. पोह्यांवर ओततात त्या तर्रीचा, तांबड्या रश्श्याचा, रंग असतो ना, अगदी तोच. मी कुणाला विचारलं नाही, घरी फोन केला नाही. फॉलच्या पिशवीत तिला घातलं आणि ऑटोनं सक्करदऱ्याला घरी घेऊन आले. तर्री हे नावही वाटेतच ठेवलं, म्हणजे घरी कुणाला दुसरं सुचवायची संधी नको.

यामागे कारण आहे. या घरात माझं असं काहीच नाही. लग्नात माहेरहून आलेलं कपाट सासूबाईंच्या खोलीत आहे आणि त्याची किल्ली त्यांच्या कमरेला आहे. मी घेतलेली शिलाई मशीन ‘आपली मशीन’ झाली. पुण्याला होस्टेलला शिकणारा मुलगा तर जन्मापासूनच ‘माहा नातू’. तर्री तेवढी सासूबाईंच्या तोंडी ‘तुही कुत्री’ होती, म्हणजे माझी. त्या शिवी दिल्यासारखं म्हणायच्या, पण मला ते ऐकायला फार बरं वाटायचं.

आता कोपऱ्याचं सांगते. आमचं घराणं कोष्ट्यांचं. मधल्या खोलीत सासऱ्यांचा हातमाग होता, पाय सोडून बसायच्या खड्ड्यासकट. सासरे गेले, माग मोडला, खड्डा बुजवून वर फरशी बसवली, तरी त्या कोपऱ्याला अजून मागाची जागाच म्हणतात. तिथे कुणी पलंग टाकत नाही, चप्पल घालून जात नाही. भाद्रपदात महालक्ष्म्या तिथेच बसतात. सासूबाई रोज सकाळी त्या फरशीला हात लावून नमस्कार करतात. त्यांच्या नवऱ्याचा जन्म तिथे धोटा फेकण्यात गेला, हे मलाही कळतं. पण तर्रीला कोण सांगणार? सगळं घर सोडून तिनं नेमका तोच कोपरा धरला.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी पुसलं, वरून फिनाइल टाकलं. सासूबाईंनी जागा शुद्ध करायला गोमूत्र शिंपडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी पुसलं, त्यांनी शिंपडलं. तिसऱ्या दिवशीही तेच.

मी काही हातावर हात धरून बसले नव्हते. मोबाईलवर जेवढं सापडलं तेवढं बघितलं. तर्री जेवली की बाहेर, झोपून उठली की बाहेर, खेळून दमली की बाहेर. मागच्या अंगणात सीताफळाच्या झाडाखाली तिनं केलं की शाबासकी आणि पोळीचा तुकडा. आणि ती शिकली, हे लक्षात घ्या. स्वयंपाकघर कोरडं, मशीनची खोली कोरडी, पायरी कोरडी. मागचं दार पंजानं खरवडून सांगायलाही लागली. फक्त मागाच्या जागेपाशी गेली की तिचं सगळं शिक्षण संपायचं. नाक खाली घालून वास घेत जायची, गोल फिरायची आणि माझ्याकडे बघत बसायची. चेहरा असा की बाई, बघा, बरोबर जागी करते आहे.

मग भूपेशनं मनावर घेतलं. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की कुत्र्याचं नाक त्यातच घासायचं, म्हणजे खोड मोडते. त्यानं तिची मान धरली आणि ओल्या फरशीवर नाक घासलं. तर्री भीतीनं थरथरली आणि तिनं त्याच्या पायावर केलं. मला तिचा त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा मुलाच्या दहावीच्या निकालालाही वाटला नव्हता. मी भूपेशला विचारलं की आपलं पोरगं गादी ओली करायचं तेव्हा त्याचं नाक कधी घासलं होतं का. तो म्हणाला, तुझं डोकं दुखत असेल.

महालक्ष्म्या जवळ आल्या तशी सासूबाईंची शुद्धी वाढली. आधी तर्रीनं केल्यावर शिंपडायच्या, आता सकाळ-संध्याकाळ शिंपडू लागल्या, केलेलं असो नसो. कोरोनात त्यांना वास येईनासा झाला तो परत आलाच नाही. दूध नासलं का, फोडणी करपली का, हे त्या मला विचारतात. त्यामुळे किती शिंपडावं याला धरबंधच राहिला नव्हता. आणि ते गोमूत्र आणायचं कुणी? मीच. रोज सकाळी तर्रीला फिरवायला नेताना गल्लीच्या टोकाच्या गोठ्यातून बाटली भरून मीच आणत होते.

पोळ्याच्या दिवशी निकाल लागला. त्या कोपऱ्यात पुन्हा एक थेंब दिसला तर तर्री भिवापूरला, भूपेशच्या मामांच्या मिरचीच्या शेतावर. मामांकडे कुत्रं म्हणजे खुंटी, दोरी आणि उरलंच तर शिळं. त्यांची आधीची कुत्री कुठे गेली हे कुणी विचारत नाही. मी भांडले. सासूबाई शांतपणे वाती वळत होत्या.

“महालक्ष्म्या माह्या घरी पायानं चालून येतात,” त्या म्हणाल्या. “त्याईले मी मुतावर उभं करू काय?”

 खरं सांगायचं तर मलाही त्यांना मुतावर उभं करायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तर्रीचं इंजेक्शन होतं. सकाळीच तिला घेऊन मी जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर घाईत होते. मी माझं रडगाणं सांगितलं, तर म्हणाले, वास राहतो म्हणून ती तिथे जाते, वास पूर्ण घालवा. मी म्हटलं, फिनाइलनं पुसते की. ते म्हणाले, फिनाइल तुमच्या नाकासाठी झालं, तिच्या नाकाला खालचा वास येतोच. एवढं बोलून त्यांनी पुढची बकरी बोलावली.

दुपारी घरी आले ते तडक मागाच्या जागेकडे. गुडघ्यांवर बसले, हात टेकले आणि फरशीला नाक लावलं. नाकात एकदम भपकारा गेला. फरशी ओली होती. माझं डोकंच फिरलं. पुन्हा केलं हिनं, आता गेली ही भिवापूरला, असं म्हणत मी मागे वळले आणि तर्रीवर हात उगारला. ती दारातच उभी होती, गळ्यात पट्टा, पट्ट्याची दोरी माझ्याच मनगटाला. सकाळपासून ती माझ्यासोबत होती. घरात नव्हतीच.

मग कोनाड्यातली गोमूत्राची बाटली दिसली, नुकतीच वापरून ठेवलेली. रोज बघत होते, रोज भरून आणत होते, म्हणूनच कधी दिसली नव्हती. तर्रीनं एकदा चूक केली होती. त्यानंतर आम्हीच त्या जागी रोज दोन वेळा मूत शिंपडत होतो आणि वर त्या पिल्लाचं नाक घासत होतो. पट्टा सोडवायलाही मी थांबले नाही.

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. मी तशीच गेले.

“आई, तिले तिथी वास येऊन राहिला,” मी म्हटलं. “गोमूत्राचा. म्हणून ते तिथीच बसते.”

“गोमूत्राले कुठी वास असते वं?”

“असते. तुम्हाले येत नाही.”

त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. “म्हणजे माह्या गोमूत्राले तू कुत्रीच्या मुताच्या पंक्तीत बसवून राहिली?”

“मी नाही बसवून राहिली. कुत्रीले पोथी वाचता येत नाही, आई. तिले मूत म्हणजे मूत.”

हे बोलायला नको होतं असं मला अजूनही वाटत नाही. पण त्याचा उपयोग शून्य झाला. सासूबाई संध्याकाळी जेवल्या नाहीत. भूपेशनं ऑफिसमधून येताच मला ऐकवलं की आईचं शिंपडणं बंद होणार नाही, आणि पुन्हा असं बोललीस तर महालक्ष्म्यांची वाट न पाहता मामांना फोन करतो. कोपऱ्यात वास का येतो हे त्याला समजलं होतं, त्याच्या तोंडावर दिसत होतं. समजूनही तो आईच्या बाजूनं उभा राहिला, याचा राग मला गोमूत्रापेक्षा जास्त आला.

दुसऱ्या सकाळी बाटली घेऊन मी गोठ्यापर्यंत गेले. गवळ्यानं सवयीनं हात पुढे केला. मी म्हटलं, आज नको. घरी येऊन मागच्या अंगणातल्या नळावर बाटली धुतली, पाण्यानं भरली आणि चिमूटभर हळद टाकून हलवली. रंग बेतास बात जमला.

सासूबाई भजनाला गेल्या तेव्हा तो कोपरा गरम पाणी, सोडा आणि लिंबू घेऊन घासला. पुन्हा घासला. फरशीला नाक लावून बघितलं आणि आणखी एकदा घासला. घासताना सासऱ्यांच्या मागाला आणि येणाऱ्या महालक्ष्म्यांना मनातल्या मनात सांगितलं, हळद आहे, हळदीनं कुणी बाटत नाही. तरी कुणाला कोपायचं असेल तर माझ्यावर कोपा, पिल्लावर नको.

संध्याकाळी सासूबाईंनी शिंपडलं. तळहातावर थोडं घेऊन निरखलं आणि म्हणाल्या, गाय काय खाऊन राहिली वं, लय पिवळं आलं. मी म्हटलं, सरकीची ढेप जास्त झाली असंल.

मग तर्री आली. नाक खाली घालून कोपऱ्यात गेली. वास घेतला, गोल फिरली.  ती थोडा वेळ गोंधळल्यासारखी उभी राहिली, मग सरळ मागच्या दाराशी जाऊन दार खरवडू लागली. मी दार उघडलं आणि तिथेच उभी राहून रडले. आनंदानं नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी त्या जिवानं काय काय सोसलं, त्या संतापानं रडले.

महालक्ष्म्या आल्या तेव्हा कोपरा कोरडा ठणठणीत होता. जेवणाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं झालं. भिवापूरहून मामा मिरचीची पिशवी घेऊन आले, आणि हातात दोरीही होती. भूपेशनं त्यांना पोळ्यालाच सांगून ठेवलं होतं आणि नंतर नको म्हणून सांगायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. मामांनी पानावर बसता बसता विचारलं, कुठी आहे ते कुत्री. 

“नाही देत आता,” सासूबाई म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “माह्या गोमूत्रानं सुधारली ते. सरितानं डॉक्टर केला, मोबाईल पाह्यला, काही नाही झालं. मी दोन्ही टाइम शिंपडलं तं कसं बरोबर वळण लागलं.”

मग मागच्या दाराकडे वळून त्यांनी हाक मारली. “तर्री. ये वं, माही तर्री.”

तोपर्यंत त्यांनी तिचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. आणि ती गेली. शेपूट हलवत गेली, त्यांच्या पायावर हनुवटी टेकून बसली. त्यांनी आपल्या पानातला पुरणपोळीचा तुकडा तिला भरवला. सगळे कौतुकानं बघत होते. भूपेश माझ्याकडे बघून म्हणाला, पाह्य, म्हणून आईचं ऐकावं.

खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते माझ्या ओठांवर होतं. महालक्ष्म्यांसमोर, मामांसमोर, सगळ्या गल्लीसमोर बोलून टाकावं असं वाटत होतं. पण दोरी अजून मामांच्या मांडीजवळ पडली होती. मी ते वाक्य गिळलं आणि मामांच्या वाटीत आंबील वाढली.

शेजारच्या शोभाताईंनी हात धुता धुता सासूबाईंना विचारलं की आमचं पिल्लूही सोफ्यावर करते, थोडं देता काय. सासूबाईंनी तिथूनच मला सांगितलं की शोभाला एक बाटली भरून दे, आणि आपलीही संपत आली आहे.

दोन बाटल्या आणि हळदीचा डबा घेऊन मी मागच्या अंगणात आले. नळ पूर्ण सोडला. कपाट गेलं, मशीन गेली, मुलगा गेला. तर्रीला मी वाचवलं, आणि वाचवलं म्हणूनच तीही गेली. आता रोज ही बाटली भरायची, रोज तोंड बंद ठेवायचं, आणि ज्या दिवशी उघडेन त्या दिवशी दोरी आहेच. शोभाताईंच्या बाटलीतही हळदच टाकली. त्यांच्या पिल्लाचं तरी भलं होऊ दे.

तेवढ्यात तर्री घरातून धावत आली. तोंडाला पुरण लागलेलं. सीताफळाखाली गेली, बसली, सगळं नीट आटोपलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली, शेपूट हलवत. तिला शाबासकी द्यायची माझी अजिबात इच्छा नव्हती. पण लागलेलं वळण मोडायला नको, म्हणून मी पदराला बांधलेला पोळीचा तुकडा सोडला आणि तिला दिला.